दोन राज्यांचा मापाडी

आमच्या घराण्यात सरकारी अधिकार तीन पिढ्यांचा आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे माझी जी शोभा झाली ती वाचताना ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहणार नाही. माझे आजोबा हार्टबरी गावचे कोळशाचे मापाडी होते. त्यांच्यामागे वडील झाले आणि वडिलांच्या मागे मी, हॉलिस टार्बेल. व्हर्मोंटच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाला कुंपणं तपासणारा, लाकूड पारखणारा आणि कोळसा तोलणारा असे मानकरी नेमता येतात, आणि आमच्या गावाने यांतली एकही जागा कधी रिकामी ठेवलेली नाही. पगार शून्य आणि काम त्याहून कमी. गावात कोळशाची शेवटची गाडी आली तेव्हा मी तिसरीत होतो.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची गावसभा भरते. सगळं गाव सभागृहातल्या लाकडी खुर्च्यांवर बसतं, रस्त्यांच्या आणि बर्फ काढायच्या गाडीच्या खर्चावर भांडतं, मधल्या सुट्टीत चर्चच्या बायकांनी केलेल्या भाजक्या बीन्स खातं आणि मग उरलेलं भांडण पुरं करतं. गेल्या वर्षीच्या सभेत प्रेस्टन गॉल्ट नावाचे गृहस्थ उभे राहिले. हे बॉस्टनहून आलेले, अकराच वर्षं झालीत, म्हणजे अजून पाहुणेच. त्यांनी विचारलं की हा कोळशाचा मापाडी नेमकं करतो काय? हा प्रश्न शंभर वर्षांत कुणी विचारला नव्हता, कारण आम्ही सभ्य माणसं आहोत. पण एकदा विचारल्यावर लोक माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू त्यांनाही तो पिढ्यान् पिढ्या सतावत होता. पद रद्द करायचा ठराव दोन मतांनी पडला. सोबत एक शेपूट मात्र जोडलं गेलं: मापाड्याने वर्षभरात गावाच्या उपयोगी काहीतरी करून दाखवावं, नाहीतर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मतदान.

हसायचं असेल तर हसून घ्या. यंत्रांचे सुटे भाग करणारा आमचा कारखाना बंद पडला, त्याबरोबर माझी एकतीस वर्षांची नोकरी गेली. त्यानंतर गुडघे गेले. आता नावाखाली लिहायला एवढंच उरलं होतं. पत्रांच्या पेटीवर मी ते पांढऱ्या रंगात रंगवून घेतलं होतं, आणि ते पुसायला लागलं तर शेजारी खिडकीतून बघतील या विचाराने मला खरोखर झोप लागत नव्हती.

तेव्हा आमच्या पंचमंडळाच्या अध्यक्षा लुसिंडाबाई पीझली माझ्या मदतीला धावून आल्या. त्यांची मदत म्हणजे त्यांना नको असलेलं काम. गावाच्या टोकाला कनेक्टिकट नदी आहे आणि नदीपलीकडे न्यू हॅम्पशरचं ऑर्डवे गाव. मधल्या पुलाची दुरुस्ती उरकली होती, आणि दोन्ही गावांनी मिळून पुलावर एक फलक लावायचा होता: डावीकडे व्हर्मोंट, उजवीकडे न्यू हॅम्पशर, दोन्ही राज्यांची अर्थव्यवस्था आणि मुख्य उद्योग शेजारी शेजारी, शाळेतल्या मुलांना आणि प्रवाशांना तुलना करता यावी म्हणून. बाई म्हणाल्या, "हॉलिस, उद्योग म्हणजे तुमचाच प्रांत. कोळसा हा उद्योगच ना?"

मी होकार दिला. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

ग्रंथालयातून मी जाडजूड पुस्तकं आणली आणि आमची बाजू एका बैठकीत लिहून काढली. दूध, चीज, मेपलचा पाक, ग्रॅनाइट, हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणारे शहरी लोक. मग त्यांची बाजू. लोकसंख्या आमच्या दुप्पट, कारखाने जास्त, समुद्रकिनाराही थोडासा आहे, तो ते सारखा दाखवत असतात. वर ते स्वतःला ग्रॅनाइटचं राज्य म्हणवतात. आता ग्रॅनाइटची मोठी खाण आहे आमच्याकडे, आणि नाव मिरवतात हे. मी तिथे कंसात दोन कडक शब्द लिहिले होते. माझी बायको युनिस मूळची ऑर्डवेची, तिने वाचून ते खोडले.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचा ऑरिन स्टिकनी मेपलचा पाक करतो. जिल्ह्याच्या जत्रेत सलग एकोणीस वर्षं पहिलं बक्षीस त्याचं. त्याला अर्धा फलक पाकासाठी हवा होता आणि उरलेल्या अर्ध्यात त्याचा फोटो चालला असता. चर्चच्या बायकांनी सुचवलं की गाईंची संख्या द्या, पण माणसांची देऊ नका, उगीच वाईट दिसतं. प्रेस्टन गॉल्ट यांनी बॉस्टनमधल्या पद्धतीचा चौदा पानी आराखडा माझ्या दारात ठेवला. ऑरिनच्या म्हणण्याप्रमाणे तो चुलीत चांगला पेटला.

पलीकडच्या गावाने त्यांच्या अर्ध्या भागाचं काम माझ्या मेव्हण्याकडे दिलं होतं. रॉइस हा नात्याने मेव्हणा आणि राज्याने परका, म्हणजे दोन्ही बाजूंनी अवघड. पुलाच्या तोंडाशीच त्याचं दुकान आहे. गाद्या, टीव्ही, गवत कापायची यंत्रं आणि आमच्याकडे विकायला बंदी असलेले फटाके, सगळं एका छपराखाली. त्याने त्याच्या अर्ध्या भागाचा मजकूर पाठवला. फूटभर उंचीच्या अक्षरांत एकच ओळ होती: आमच्याकडे विक्रीकर नाही.

मी फोन करून विचारलं की बाबा, उद्योगांचं काय? तो म्हणाला, हाच उद्योग आहे, बाकी सगळा जोडधंदा. मी म्हटलं, घरपट्टी किती भरतोस तेही लिही मग खाली. त्याने फोन ठेवला. त्यांच्याकडे विक्रीकर नाही, पगारावर कर नाही, पण घरपट्टीचा विषय काढला की माणूस एकदम हळवा होतो.

एवढ्यात राजधानीतल्या एका खात्याचं पत्र आलं. आमच्या राज्यात रस्त्याकडेला जाहिरातीचे फलक लावायला बंदी आहे, त्यामुळेच तर आमचे डोंगर दिसतात. खात्याने कळवलं की दूध, चीज आणि पाक अशी मालाची नावं असलेला फलक ही जाहिरात ठरते. तरी मालाचा उल्लेख टाळून अर्थव्यवस्थेची माहिती द्यावी. मी तो मजकूर तसाही लिहून पाहिला. व्हर्मोंटमध्ये काही गोष्टी होतात आणि त्या लोक घेतात, एवढंच शिल्लक राहिलं.

मग लुसिंडाबाईंना आठवलं की नदी मुळी आमची नाहीच. फार जुन्या निकालाप्रमाणे आमच्या काठाला उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरतं, तिथपर्यंतची सगळी नदी न्यू हॅम्पशरची. म्हणजे पुलाचा आमच्या बाजूचा अगदी शेवटचा तुकडा सोडला तर बाकी पूल त्यांचा, आणि तिथे आमच्या खात्याचं काही चालत नाही. फक्त तो तुकडा किती हे मोजायला हवं होतं. मोजमाप म्हटल्यावर गावाने माझ्याकडे पाहिलं. ऑगस्टच्या भर दुपारी मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात टेप घेऊन चिखलात उतरलो. पुलावर निम्मं गाव कठड्याला रेलून सूचना देत होतं. चौदा फूट भरले. वर येताना डावा बूट चिखलातच राहिला, आणि तो न्यू हॅम्पशरच्या हद्दीत गेल्यामुळे आता परवानगी लागेल असं ऑरिन मोठ्याने म्हणाला.

थोडक्यात, व्हर्मोंटचा अभिमान आता न्यू हॅम्पशरच्या जागेत उभा राहणार होता. गावाला हे लागलं. पोस्टात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एकजण तर मला म्हणाला की तुझ्या आजोबांच्या वेळी आपण असे भाडेकरू नव्हतो.

हे सगळं निस्तरलं असतं. पण रॉइसने माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं. पुस्तकं जुनी आहेत, म्हणाला, खरा धंदा पुलावर बसून बघा. प्रेस्टन गॉल्ट यांनीही हेच सांगितलं, फक्त त्याला प्रत्यक्ष पाहणी असं नाव दिलं. मला ते पटलं. मापाड्याचं घराणं आहे, ऐकीव आकड्यांवर आमचा विश्वास नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मी घडीची खुर्ची घेऊन पुलाच्या आमच्या बाजूला बसलो. कोटावर आजोबांचा पितळी बिल्ला लावला. मांडीवर वही घेतली आणि कोण, कुठून कुठे, काय घेऊन चाललंय ते नावानिशी लिहायला लागलो.

इथे माझी जी चूक झाली ती नदीपलीकडच्या माणसाच्या हातून झालीच नसती, कारण त्याला ती करायची सोयच नाही. आमच्याकडे विक्रीकर आहे. पलीकडे जाऊन बिनकराची वस्तू आणली, तर वर्षाच्या शेवटी विवरणपत्रात स्वतःहून तसं लिहून कर भरायचा असतो. त्यासाठी एक वेगळा रकाना आहे. हार्टबरीतला प्रत्येक सज्जन माणूस तिथे शून्य लिहितो, खाली सही करतो आणि गाद्या बघायला ऑर्डवेला जातो. आमच्या गावचा सगळा एकोपा त्या शून्यावर उभा आहे. आणि मी पितळी बिल्ला लावून, वही घेऊन, नेमका त्याच वाटेवर बसलो होतो.

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. लोक पुलावर मला बघून गाडीचा वेग कमी करत, खिडकी खाली घेत आणि न विचारता हकिगती सांगत. लुसिंडाबाईंच्या गाडीच्या टपावर मोठी गादी बांधलेली होती. ती भाचीची आहे, फक्त हवा दाखवायला आणली, असं त्या म्हणाल्या. गादीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. चर्चच्या तीन बायकांनी एका सुरात सांगितलं की गाडीतला टीव्ही वाटेत सापडला. चौथ्या दिवशी पुलावरून सहज खाली पाहिलं तर प्रेस्टन गॉल्ट नदीतून होडी वल्हवत येत होते. समोरच्या बाकावर घोंगडीत गुंडाळलेलं गवत कापायचं यंत्र ठेवलं होतं. मी हात केला. त्यांनीही केला आणि आपण मासेमारीला निघाल्याचं ओरडून सांगितलं. मी तसं लिहून घेतलं.

शुक्रवारी ऑरिनचा ट्रक आला, तोही पलीकडून. मागे पाकाची सहा पिंपं. मी म्हटलं, अरे, पाक तू इकडून तिकडे न्यायला हवास, तिकडून इकडे कसा आणतोयस? ऑरिनने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि माझ्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. त्याच्या आजोबांनी घेतलेली झाडं पलीकडच्या टेकडीवर आहेत, पाकही तिकडेच उकळतो, व्हर्मोंटचं काय ते फक्त बाटलीवरचं लेबल आहे, हे त्याने मला एका दमात सांगितलं. मग माझा हात धरला.

"हॉलिस, एकोणीस बक्षिसं आहेत रे. आणि झाडाला काय ठाऊक ते कुठल्या राज्यात उभं आहे?"

मी त्याची समजूत काढली. पण वहीत लिहिलं, कारण पाहणी ती पाहणी.

आता सांगतो तो भाग मला सांगायचा नव्हता. युनिस दर गुरुवारी ऑर्डवेला आईला भेटायला जाते. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी तिच्या मातृभक्तीचं चार लोकांत कौतुक केलेलं आहे, कबरीवर फुलं वाहते म्हणून. दुसऱ्या गुरुवारी तिची गाडी पुलावर आली तेव्हा मागच्या सीटवर एक मोठं खोकं होतं. तिने गाडी माझ्यासमोर थांबवली. मी विचारलं, "आईकडे गेली होतीस ना?"

"गेले होते. आई काही बोलली नाही, म्हणून रॉइसकडे गेले. लिही की. युनिस टार्बेल, एक मायक्रोवेव्ह."

मागे चार गाड्या थांबल्या होत्या आणि सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. मी लिहिलं. ती पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या पाच दिवसांत मी गार बीन्स खाल्ल्या, कारण ते यंत्र कसं चालवायचं हे तिलाच माहीत होतं.

ऑक्टोबरात रॉइस स्वतः पुलावर आला. त्याच्या दुकानात तीन आठवडे कुत्रं फिरकलं नव्हतं. त्याने मला आधी गादी देऊ केली, मग मोठी गादी देऊ केली. मी बिल्ल्याकडे बोट दाखवलं. त्यावर तो म्हणाला, "दाजी, तुमचं ते राज्य आमच्यावर जगतं आणि आमचं तुमच्यावर. मध्ये खुर्ची टाकून बसायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

रागाच्या भरात का होईना, पण दोन्ही राज्यांच्या अर्थव्यवस्थेवर याहून शहाणं वाक्य मला चार जाड पुस्तकांत मिळालं नव्हतं. मी पंचमंडळाला अहवाल दिला तो याच आधारावर: व्हर्मोंटचा मुख्य उद्योग न्यू हॅम्पशरला जाणं हा आहे, न्यू हॅम्पशरचा मुख्य उद्योग व्हर्मोंटची वाट बघणं हा आहे, आणि उरलेल्या वेळात दोन्हीकडे थोडं दूध निघतं. लुसिंडाबाईंनी अहवाल कुलपात ठेवला. फलकावर एका बाजूला गाय आणि दुसऱ्या बाजूला डोंगर रंगवून काम संपवण्यात आलं. गाय कुठल्या राज्याची, ते मुद्दामच लिहिलं नाही.

पण वही माझ्याकडेच होती, आणि ती मी गावसभेत वाचून दाखवणार अशी बातमी कुणीतरी सोडली. त्या हिवाळ्यात मला जेवढा मान मिळाला तेवढा आजोबा, वडील आणि मी मिळून तीन पिढ्यांत मिळाला नसेल. माझ्या दारासमोरचा बर्फ मी उठायच्या आत कुणीतरी काढून ठेवायचं. ऑरिनने पाकाची बरणी दिली, मग दुसरी. पोस्टातली रांग मला पुढे जाऊ द्यायची. गुडघ्यांची चौकशी करायला प्रेस्टन गॉल्ट दोनदा आले. आणि मी मूर्ख, मला वाटलं लोकांना अखेर माझ्या कामाची किंमत कळली. युनिसला विचारलं तर ती म्हणाली, हो, कळली, अगदी करासकट.

मार्चच्या मंगळवारी सभागृहात एकशे एकोणीस मतदार हजर होते. अकराव्या क्रमांकाचा विषय माझा. प्रेस्टन गॉल्ट उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच सूचना मांडली की कोळशाचा मापाडी हे पद कायम ठेवावं, शिवाय त्याला एक चांगली खुर्ची द्यावी. लुसिंडाबाईंनी पाठिंबा दिला. ऑरिन टाळ्या वाजवायला लागला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, मांडीवर वही होती. सहज मागे वळून पाहिलं तर एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सगळे वहीकडे बघत होते.

तेव्हा मला कळलं, आणि फार वाईट वाटलं. आजोबांना लोक हसत असतील, पण घाबरत नव्हते. मी उठलो. सभेच्या अध्यक्षांची परवानगी मागितली. कोपऱ्यातल्या शेगडीपाशी गेलो, झाकण उघडलं आणि वही आत टाकली. म्हणालो, "पाहणी संपली. आता ज्याला जसं वाटेल तसं मत द्या."

डोळे पुसणारी दोन माणसं मी पाहिली. मला वाटलं, जिंकलो. मग मागून कुणीतरी म्हणालं की गुप्त मतदान घ्यावं. त्यासाठी सात जणांची मागणी लागते. तीस-चाळीस हात वर झाले. चिठ्ठ्या वाटल्या, गोळा केल्या, मोजल्या. पद कायम ठेवण्याच्या बाजूने चार. रद्द करण्याच्या बाजूने एकशे पंधरा. नंतर जेवायची सुट्टी झाली आणि मला बीन्स वाढताना एका बाईने विचारलं की जरा जास्त देऊ का.

त्या चारांतलं एक मत माझं होतं. उरलेली तीन कुणाची, हे शोधायची मला गरजच पडली नाही. त्याच दुपारी प्रेस्टन गॉल्ट यांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की एक त्यांचं होतं. ऑरिनने कुंपणावरून सांगितलं. लुसिंडाबाईंनी छापील कार्डावर लिहून कळवलं. पुढच्या महिन्याभरात असे एकूण एकोणचाळीस जण मला एकटं गाठून, आवाज खाली आणून सांगून गेले. रॉइसला आमच्या राज्यात मताचा अधिकारच नाही, त्यानेसुद्धा फोन करून सांगितलं की दाजी, माझं मत तुम्हालाच होतं. मी सगळ्यांचे आभार मानले.

युनिस मात्र त्याच संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मी रद्दच्या बाजूने दिलं. वर्षभर पितळी बिल्ल्याबरोबर संसार केला मी. मला नवरा परत हवा होता."

मी ताट पुढे केलं, तिने वाढलं. दोन राज्यांची तुलना माझ्यापुरती त्या टेबलावर पुरी झाली: सगळ्या हार्टबरीत माझ्या तोंडावर खरं सांगणारं एकच माणूस निघालं, आणि ते न्यू हॅम्पशरचं. फलकावर गाईच्या पायांखाली हे लिहायला चांगली ऐसपैस जागा आहे, पण आता मला तो अधिकार राहिलेला नाही.